ट्रंकेतले बिल्ले: घासण्याआधी वाचा

पणजोबांच्या ट्रंकेत त्यांची फौजेतली पदकं सापडली की घरच्यांचा पहिला हात जातो चिंचेकडे, नाहीतर पितांबरीकडे. तो थांबवा. कडेवर ठोकलेली अक्षरं उथळ असतात. घासून नाव गेलं की ते पदक कोणाचं हे सांगणारं काहीच उरत नाही.

बॅटरीचा उजेड तिरका पाडून भिंगाने कड वाचा. पहिल्या महायुद्धातल्या ‘१९१४-१५ तारा’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर मजकूर पाठीमागे असतो. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असा क्रम, सगळं इंग्रजीत आणि संक्षेपात. ‘मराठा’च्या स्पेलिंगमध्ये जादा ‘एच’ दिसेल. ती तेव्हाची रीत. एका पदकावर ‘११०’ आणि दुसऱ्यावर ‘३/५’ असेल तर माणसं दोन समजू नका. १९२२ च्या फेररचनेत ११० वी मराठा पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. हुद्दा शिपायाचा हवालदार झालेला दिसला, तर ती बढती.

मग काय हरवलंय ते पाहा. पहिल्या महायुद्धाचं इंद्रधनुषी फितीचं कांस्य विजयपदक एकट्याने कधीच दिलं जात नसे. सोबत ३६ मिलिमीटरचं ब्रिटिश युद्धपदक असायचंच. ते बहुधा चांदीचं, म्हणून अनेक घरांतून सोनाराकडे गेलं. हिरव्या फितीवर मधोमध निळा पट्टा असेल तर ते १९०८ चं ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदक. त्याच्या आडव्या पट्टीवर ‘वझिरिस्तान १९२१-२४’ अशी मोहीम लिहिलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ पदकांवर नावच नसतं. तिथे घरातले कागदच कामाला येतात.

धूळ मऊ ब्रशने झाडा, बस्स. कांस्याचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. हिरवी पूड धरली असेल तर लाकडी टूथपिकने हलकेच सोडवा. रेशमी फीत धुऊ नका, रंग उतरतो. नवी लावायची तर जुनीच्याच रुंदीची घ्या, पण जुनी फेकू नका. रबरबँडने चांदी काळी पडते, पीव्हीसीच्या पाकिटात चिकट हिरवा थर धरतो. धुतलेल्या सुती कापडात प्रत्येक पदक वेगळं गुंडाळा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा.

मराठा पलटणीच्या शिपायाची चौकशी बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडे करावी. अर्जात क्रमांक, पलटण आणि नावाचं स्पेलिंग कडेवर आहे तसंच उतरवा, सुधारून नको.