बाळ बालकल्याण समितीसमोर जातंय? घरच्यांनो, या चुका टाळा

बौद्धिक अक्षमता असलेल्या आईचं मूल बालकल्याण समितीसमोर (मुलाने कुठे आणि कुणाकडे राहायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) जातं, तेव्हा नातेवाईक त्याच त्याच चुका करतात. सोबत जाणारे माझ्यासारखे कार्यकर्तेही करतात. (वेळ, हिशेब, कागद समजायला ज्यांना इतरांपेक्षा जास्त अवधी लागतो, अशा पालकांबद्दल बोलतेय.)

न समजलेल्या कागदावर सही

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. "थोडे दिवस संस्थेत ठेवू, मग घेऊन येऊ," असं दीर सांगतो, आई मान हलवते, अंगठा उमटतो. पुढे कळतं, कागद सरेंडरचा होता, म्हणजे मूल कायमचं सोडल्याचा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३५ प्रमाणे त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते उलटले की मूल दत्तक देण्यासाठी मोकळं ठरू शकतं. तात्पुरतं ठेवणं वेगळं, सरेंडर वेगळं.

"कळलं ना?" असं विचारूच नका. वेळ मारून न्यायला 'हो' म्हणायचं, हे अशा बाया लहानपणापासून शिकलेल्या असतात. त्यापेक्षा विचारा, "बाळ आता कुठे जाणार? परत कधी येणार?" एकीने मला सांगितलं, "दिवाळीला येणार की." कागदावर दिवाळी कुठेच नव्हती. असं उत्तर आलं तर सही थांबवा आणि कागद तिलाच, साध्या मराठीत, पुन्हा समजावून द्या अशी समितीला विनंती करा. सही आधीच झाली असेल आणि दोन महिने अजून सरले नसतील, तर फेरविचाराचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात समितीला द्या.

'५० टक्के' म्हणजे अर्धी आई, असं मानणं

सौम्य अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर साधारण ५० टक्के लिहून येतात. तो आकडा शासकीय मोजमापाचा. बाळाला भूक लागलीय हे तिला कळतं की नाही, ते त्यात नसतं. सुचिता श्रीवास्तव प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने सौम्य ते मध्यम अक्षमता असलेल्या व्यक्ती चांगले पालक होऊ शकतात, असं म्हटलंय. मात्र दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ९ इथे पुढे करू नका. ते दिव्यांग मुलाला पालकांपासून तोडण्याबद्दल आहे, दिव्यांग पालकाबद्दल नाही.

गृहचौकशीच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात पाठवणं

समितीसाठी घरची पाहणी करायला अधिकारी आले की सासू बोलते, नणंद बोलते, आणि आई चहा करत बसते. अहवालात मग येतं, 'आई बाळाकडे लक्ष देत नाही.' तिला समोर बसवा. जे जमतं ते करून दाखवू द्या, जे जमत नाही ते कोण करतं तेही सांगा. लपवाछपवी नको, ती हमखास उघडी पडते. एका घरी दुधाच्या बाटलीवर नेलपॉलिशची लाल रेघ होती: पाणी इथपर्यंत. भिंतीवर सूर्य, भाकरी, चंद्र अशी चित्रं, प्रत्येकापुढे दूध पाजल्याची टिकली. आशा सेविकेने सुचवलं होतं. शंभर आश्वासनांपेक्षा ती रेघ अधिकाऱ्यांना पटली.

मदत न मागता नुसतं "मूल द्या" म्हणणं

संस्था हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्येच आहे. मग घरी कोण, किती तास, कशासाठी येईल ते लिहून द्या. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत (मूल कुटुंबात वाढावं म्हणून दरमहा मदत) बसतं का, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. या योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात.

वकील नाही म्हणून गप्प बसणं

महिला आणि दिव्यांग व्यक्ती, दोघांनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. समितीच्या आदेशाविरुद्ध अपिलाला ३० दिवस असतात, म्हणून आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा.

तारीख तोंडी सांगणं

'पुढच्या बुधवारी' हे तिच्या डोक्यात राहत नाही. कॅलेंडरवर लाल गोल करा, आदल्या संध्याकाळी फोन करा, सकाळी एसटी स्टँडवर तुम्हीच भेटा.