पॉइंट माइल्समध्ये वळवायचे की नाही? आधी प्रवासी मोजा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तिघी, म्हणजे मी, आई आणि लेक, भावाकडे लंडनला जाणार होतो. विमान कंपनीच्या साइटवर मुंबई ते लंडन टाकलं, हवी ती तारीख निवडली, आणि माइल्सवर, म्हणजे पैशांऐवजी विमान कंपनीच्या बक्षीस-गुणांवर, इकॉनॉमीची जागा दिसली. त्याच संध्याकाळी हॉटेल साखळीच्या सदस्य खात्यात साठवलेले सगळे पॉइंट माइल्समध्ये वळवले. चार दिवसांनी माइल्स जमा झाले. बुकिंगला बसले, प्रवाशांच्या चौकटीत ३ केले, आणि ते विमान यादीतून गायब झालं. परत १ केला, विमान हजर. जागा होती, पण एकाच माणसाची. पहिल्यांदा शोधताना त्या चौकटीत आपोआप आलेला १ मी बदललाच नव्हता.

शेवटी तिघींची तिकिटं रोख पैशांनी काढली, तीही मे महिन्याच्या दराने. पॉइंट माइल्स झाले की पुन्हा पॉइंट होत नाहीत. निम्मे माइल्स अजून खात्यात पडून आहेत आणि पुढच्या वर्षी त्यांची मुदत संपते. परवा नणंदेने विचारलं, "वहिनी, आमचेही पॉइंट वळवून टाकू का?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते.

पहिलं काम हॉटेलच्या साइटवर नाही, विमान कंपनीच्या साइटवर. तिथे खातं उघडा (फुकट असतं, उघडायला माइल्स लागत नाहीत), माइल्सने बुकिंगचा पर्याय निवडा आणि प्रवाशांची संख्या खरी टाका. चौघं जाणार असाल तर ४. कंपन्या एका विमानात कमी माइल्सच्या जागा मोजक्याच सोडतात. शाळांच्या सुट्ट्या आणि दिवाळीत तर आणखी कमी. एका माणसासाठी दिसलेल्या जागेवरून चौघांचा अंदाज बांधता येत नाही. जातानाचं तपासलंत तसं येतानाचंही तपासा, आणि तेव्हाही संख्या पुन्हा बघा, कारण बऱ्याच साइट नव्या शोधात ती परत १ करतात. चौघांना एकत्र जागा नसेल तर दोन-दोन करून दोन दिवशी जायची तयारी आहे का, हे घरात आत्ताच विचारा. आई एकटी विमान बदलू शकणार नव्हती, त्यामुळे ती वाट आम्हाला बंदच होती.

आता दर. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेचे ३ पॉइंट दिले की बहुतेक विमान कंपन्यांकडे १ माइल मिळतो आणि एकदम ६०,००० पॉइंट वळवले तर वर ५,००० माइल्स, म्हणजे एकूण २५,०००. अमेरिकन एअरलाइन्स आणि डेल्टासारख्या काही कंपन्यांकडे वळवताना ही वरची भर मिळत नाही. ३०-३० हजार करून वळवू नका, भर हातची जाते. दुसऱ्या हॉटेल साखळ्यांपैकी हिल्टनचा दर बहुतेक ठिकाणी १० पॉइंटला १ माइल आहे. तो इतका वाईट आहे की त्यावर विचारही करू नये. आयएचजीच्या १०,००० पॉइंटला २,००० माइल्स येतात, तेही नको. हयातचा दर अडीच पॉइंटला एक माइल. खरा विचार करायचा तो बहुतेक वेळा मॅरियटवाल्यांनी.

६०,००० भरत नसतील तर घरातल्यांचे पॉइंट एका खात्यात आणता येतात. मॅरियटमध्ये एक सदस्य वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट दुसऱ्याला देऊ शकतो. पण हे जागा बघून झाल्यावर. जागा म्हणजे सगळ्यांच्या जागा.

मग हिशोब, आणि तो कागदावर करा. समजा तुम्हाला खरोखर जायचंय अशा हॉटेलात रात्रीचं भाडं १२,००० आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० रुपये. तीच रात्र २०,००० पॉइंटला मिळत असेल तर एका पॉइंटचे साधारण ७१ पैसे झाले, कारण पॉइंटवरच्या रात्रीला आपल्याकडे सहसा वेगळं भाडं-कर द्यावं लागत नाही. ६०,००० पॉइंटच्या तीन रात्री म्हणजे ४२,४८०. आता त्याच ६०,००० चे २५,००० माइल्स होतात, म्हणजे माइलमागे १ रुपया ७० पैसे सुटले तरच बरोबरी. त्याच्या खाली आलं तर हॉटेलातच राहा.

मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर चार रात्रींचेच पॉइंट लागतात, तेव्हा पॉइंटची किंमत आणखी चढते. वरच्याच उदाहरणात ८०,००० मध्ये पाच रात्री, पॉइंटला साडेअठ्ठ्याऐंशी पैसे. एक मात्र बघा: मॅरियटने २०२२ मध्ये पॉइंटचे ठरलेले तक्ते काढून टाकले, त्यामुळे रात्रीचे पॉइंट तारखेप्रमाणे वरखाली होतात. जुन्या सहलीच्या आठवणीवर हिशोब करू नका, आजचा आकडा घ्या.

विमानाच्या बाजूचा हिशोब करताना लोक एक चूक हमखास करतात. तिकिटाची पूर्ण किंमत माइल्सनी भागतात. माइल्सवरच्या तिकिटालाही कर आणि इंधनाच्या नावाखालचा अधिभार रोख भरावा लागतो. समजा रोख तिकीट ४५,००० चं आहे आणि माइल्सवर २५,००० माइल्स अधिक १८,००० रुपये लागतात. वाचले २७,०००. माइलमागे १ रुपया ८ पैसे. वरच्या १ रुपया ७० पैशांच्या समोर हा सौदा उघड तोट्याचा आहे. लंडनहून परत येताना ब्रिटनचा प्रवासी करही लागतो. भारताच्या अंतराला तो एप्रिल २०२५ पासून इकॉनॉमीत ९० पौंड आणि वरच्या वर्गांना २१६ पौंड होता, आणि त्यानंतर आणखी वाढलाय. इकॉनॉमीतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना तो माफ असतो. रक्कम दाखवणाऱ्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, पण अर्थातच योग्य प्रवासीसंख्येने.

माझ्या अनुभवात इकॉनॉमीला हे गणित क्वचितच जमतं. बिझनेस क्लासला जमू शकतं, कारण रोख दर कैक पटीने जास्त असतो. पण बिझनेसचं रोख तिकीट तुम्ही कधीच काढलं नसतं, तर ती पूर्ण किंमत "वाचली" म्हणून धरू नका. वयस्कर आईवडिलांना आठ-नऊ तास आडवं होता यावं एवढ्यासाठी कुणी माइल्स घालत असेल, तर मात्र मी पैशांचा हिशोब बाजूला ठेवते. ते योग्यच आहे.

नाव. हॉटेलच्या खात्यातलं आणि विमान कंपनीच्या खात्यातलं नाव सारखंच हवं. आपल्याकडे मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, आणि लग्नानंतर आडनाव एका खात्यात बदललेलं असतं, दुसऱ्यात माहेरचंच राहतं. पासपोर्ट समोर ठेवून दोन्हीकडे जुळवून घ्या. दुरुस्तीला कागदपत्रं मागतात आणि दिवस जातात. दुसऱ्याचं तिकीट तुमच्या माइल्समधून काढायचं असेल तर काही कंपन्या आधी त्यांचं नाव नोंदवायला लावतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेत अशी पाचच नावं घालता येतात. तीही आधी घालून ठेवा.

मुदत. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी जातात, मध्ये प्रवास केला तरी त्या माइल्सचं वय थांबत नाही. ब्रिटिश एअरवेजचे एव्हिओस (त्यांच्या माइल्सचं नाव) ३६ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात, म्हणजे थोडीशी कमाई करून ते जिवंत ठेवता येतात, शिवाय ते कतार एअरवेजच्या खात्यात हलवता येतात. एका ठिकाणी जागा नाही मिळाली तर दुसरी वाट राहते, आणि वळवायचंच असेल तर मला असाच पर्याय आवडतो. मॅरियटचे पॉइंट २४ महिने हालचाल नसेल तर जातात. म्हणजे "पॉइंट संपतील म्हणून वळवते" हे कारण चालत नाही. आधी हॉटेलच्या खात्यात एखादी छोटी हालचाल करा, मुदत पुढे जाईल.

बँकेच्या कार्डाचे पॉइंट असतील तर ते थेट विमान कंपनीकडे जातात का ते बघा. बँकेतून हॉटेल, हॉटेलमधून विमान, असं दोन टप्प्यांनी नेलंत तर दोनदा झीज होते.

हे सगळं जमलं, आकडा पटला, तरी बटण दाबण्याआधी त्याच दिवशी पुन्हा जागा बघा. प्रवासी ३ असतील तर ३. लेकीला शेजारी बसवून तिच्याकडून चौकट वाचून घ्या, मी आता तेच करते. वळवलेले माइल्स कधी दोन दिवसांत येतात, कधी आठवडा घेतात, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. कंपनीला फोन करून जागा काही दिवस राखून ठेवतात का ते विचारा. नाही म्हणाले आणि दुसरी तारीख चालणार नसेल, तर वळवू नका.

वळवल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट घ्या. माइल्स दिसले की लगेच बुकिंग. रद्द करण्याचं शुल्क वाचा. तिकीट नंबर ईमेलमध्ये आला का बघा, जेवण आणि सीट निवडा. नणंदबाई, तुम्ही पाच जण आहात. चौकटीत ५ टाका आणि काय दिसतं ते मला फोन करून सांगा, तोवर पॉइंटना हात लावू नका.