सेकंडहँड गाडी घेताय? आधी बीएस बघा, मग रंग

मुंबईत गाडी घ्यायची म्हटली की दोन प्रश्न ठरलेले, पार्किंग कुठे मिळणार आणि मायलेज किती देते. गाडी बीएस-४ आहे की बीएस-६, म्हणजे भारत स्टेज या धुराच्या सरकारी नियमांपैकी कुठल्या टप्प्याची आहे, हे फार कमी लोक विचारतात, आणि विचारलं तरी डीलर "अहो सगळं सेमच असतं" म्हणून उडवून लावतो. सेम अजिबात नसतं. त्या एका आकड्यावरून कळतं की सायलेन्सरच्या पाइपात कंपनीने काय काय बसवलंय, त्यातलं काय बिघडलं तर खिसा किती फाटणार, आणि तुमच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये ती गाडी झेपणार का.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बीएस-४ मुंबईत एप्रिल २०१० मध्ये आलं, पण अख्ख्या देशात १ एप्रिल २०१७ पासून. तेव्हा सुप्रीम कोर्टाने २९ मार्च २०१७ ला सांगितलं की बीएस-३ गाड्या आता विकायच्याच नाहीत, कंपन्यांकडे आठ लाखांच्या वर गाड्या पडून होत्या, त्यातल्या बहुतेक टू-व्हीलर, आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमबाहेर डिस्काउंटसाठी झुंबड उडाली ती आठवत असेल. मग बीएस-५ सरळ गाळून १ एप्रिल २०२० ला बीएस-६, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा.

आता चेक कसं करायचं. आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की एमिशन नॉर्म्सच्या पुढे लिहिलेलं असतं. काचेवरचा तो चौकोनी स्टिकर पण बघा, निळा म्हणजे पेट्रोल-सीएनजी, केशरी म्हणजे डिझेल, आणि वर हिरवी पट्टी असेल तर बीएस-६. पण स्टिकर डुप्लिकेट लावता येतो, म्हणून आरसी खरी धरा. नुसत्या वर्षावर तर मुळीच जाऊ नका. २०१० ला बीएस-४ ज्या १३ शहरांत आलं त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर एवढीच होती, त्यामुळे २०११ ची एमएच ०२ म्हणजे मुंबईची गाडी बीएस-४ असते आणि त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची एमएच ०८ म्हणजे रत्नागिरीची गाडी बीएस-३ असू शकते. गावच्या काकांची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी बघावं. २०१९ च्या गाड्यांचंही तसंच, काही कंपन्यांनी वर्षभर आधीच बीएस-६ विकायला सुरुवात केली होती, म्हणजे एकाच वर्षात दोन्ही प्रकार सापडतात, आणि किंमत ठरवताना मात्र डीलर दोन्हींना एकच भाव सांगतो.

फरक किती? डिझेल कारला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. काजळीचे कण २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर. पेट्रोलचं मात्र नायट्रोजन ऑक्साइड ८० वरून ६० एवढंच. म्हणजे खरा दणका डिझेलला बसला, आणि कंपन्यांचं गणित तिथेच फिस्कटलं, कारण काजळी अडवायला डीपीएफ नावाची गाळणी लागते, नायट्रोजन ऑक्साइड मारायला वेगळा कॅटॅलिस्ट किंवा युरियाचं पाणी मारणारी एससीआर सिस्टिम लागते. हा खर्च पंचवीस लाखांच्या एसयूव्हीत जिरून जातो, सात लाखांच्या हॅचबॅकमध्ये नाही जिरत. म्हणून मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेलच बंद केलं. ते १.३ लिटरचं फियाटचं इंजिन, जे स्विफ्टपासून टाटाच्या व्हिस्टापर्यंत सगळीकडे असायचं आणि ज्याला लोक नॅशनल इंजिन म्हणायचे, ते तिथेच संपलं. फोक्सवॅगन ग्रुपनेही इथे डिझेल सोडलं. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात नुसत्या लॅबमधल्या टेस्टवर भागेना, गाडीच्या मागे मशीन लावून खऱ्या रस्त्यावर धूर मोजणं आलं, आणि त्या झटक्यात अल्टो ८००, होंडाची जॅझ, डब्ल्यूआर-व्ही आणि सिटीचं डिझेल गेलं. थोड्या विकल्या जाणाऱ्या मॉडेलवर परत इंजिनिअरिंगचा खर्च कोण करणार.

या रस्त्यावरच्या टेस्टला खरा जोर आला तो सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन पकडली गेली तेव्हापासून. सॉफ्टवेअर असं की टेस्ट चालू आहे हे गाडीला कळायचं आणि तेवढ्यापुरती ती सज्जन व्हायची. सोनाराने कान टोचल्याशिवाय कंपन्या ऐकत नाहीत हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय.

बरं, तुम्ही काय घ्यायचं? आधी स्वतःचं रनिंग बघा. बोरिवली ते बीकेसी रोज, सकाळी-संध्याकाळी वेस्टर्न एक्सप्रेसवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, किंवा जेव्हीएलआरवर सीप्झपासून पवईपर्यंत रांगत, असं असेल तर बीएस-६ डिझेलच्या नादाला लागू नका, कितीही चांगली डील असो. डीपीएफ म्हणजे काजळी साठवणारी गाळणी, ती भरली की इंजिन स्वतःच जास्त डिझेल मारून आतलं तापमान साधारण ६०० डिग्रीपर्यंत नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रीजनरेशन म्हणतात. पण त्याला थोडा वेळ सलग चालणारी गाडी लागते, आणि आपल्याकडे सलग चालतं काय तर हॉर्न. रीजनरेशन अर्धवट राहिलं की ते जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. असं दिसलं तर सरळ ऑइल बदला, "बरंय, टॉपअप वाचला" म्हणून खूश होऊ नका.

ज्यांच्याकडे बीएस-६ डिझेल ऑलरेडी आहे त्यांनी एवढं करा. डीपीएफचा दिवा लागला की घाबरून गाडी बंद करायची नाही, उलट मोकळा रस्ता गाठायचा, रात्री उशिराचा ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, पलीकडे जाणारच असाल तर अटल सेतू, आणि वेगाची मर्यादा पाळून १५-२० मिनिटं एका दमात चालवायची, एक गिअर खाली ठेवून म्हणजे आरपीएम थोडे वर राहतील. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो वाचा, कोणी वाचत नाही. दिवा गेला की झालं. गेला नाही आणि सोबत इंजिनचा दिवा पण लागला तर सर्व्हिस सेंटर. ऑइल लो-ॲश ग्रेडचंच, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच, गॅरेजवाल्याकडे जे ड्रममध्ये आहे ते नाही, कारण साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये जाऊन बसते आणि ती रीजनरेशनने जळत नाही. युरियावाली गाडी असेल तर त्याचं वेगळं निळं झाकण असतं, त्यात डीईएफ म्हणजे ते युरियाचं पाणीच टाकायचं, डिझेलच्या टाकीत चुकूनही नाही, आणि लेव्हल संपू द्यायची नाही, संपलं तर गाडी एकदा बंद केल्यावर परत स्टार्टच होत नाही.

सेकंडहँड डिझेल बघायला गेलात तर इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. बीएस-६ डिझेलचा पाइप आतून बऱ्यापैकी स्वच्छ असतो, बोट काजळीने काळंकुट्ट झालं तर कोणीतरी डीपीएफ काढून आत रिकामा पाइप ठेवलाय आणि सॉफ्टवेअर फिरवलंय असा संशय घ्या. "मायलेज वाढतं, पिकअप वाढतो" म्हणून हे धंदे सर्रास चालतात, बेकायदेशीर आहेत, आणि नंतर सगळं परत बसवायचा खर्च ऐकून घाम फुटतो. दुसरं, एक ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, मोबाइलला जोडतो. नुसते एरर कोड नाही तर रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने आपल्या धुराच्या यंत्रणेची तपासणी पूर्ण केलीय का ते. सगळे "नॉट रेडी" दाखवत असतील तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. अशा वेळी गोड बोलून सांगायचं, दोन-चार दिवसांनी परत येतो.

पेट्रोलवाल्यांना एवढी कटकट नाही. स्कॅनरवर पी०४२० कोड दिसला तर बऱ्याचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर स्वच्छ करणारा भाग, गेलेला असतो, पण आधी सेन्सर आणि लीकेज तपासायला सांगा, थेट कन्व्हर्टर बदलू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून महाग, आणि म्हणूनच मारुतीच्या ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या निघाल्या होत्या. रस्त्यावर उभी राहणारी ईको घेत असाल तर खाली वाकून सायलेन्सर मूळचाच आहे ना ते बघा.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बीएस म्हणजे विषारी धूर, पण कार्बन डायऑक्साइडसाठी कॅफे नावाचा वेगळा नियम आहे, आणि तो एका गाडीला नाही तर कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतो. २०१७-१८ पासून साधारण १३० ग्रॅम, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम प्रति किलोमीटर, गाड्यांच्या वजनाप्रमाणे थोडं वर-खाली. यात एक ईव्ही विकली की हिशेबात ती तीन गाड्यांसारखी धरतात. आता कळलं ना सेल्समन सीएनजी, हायब्रिड, ईव्हीच्या एवढं मागे का लागतो? थोरल्या एसयूव्हीचं पाप तिथे धुवायचं असतं. त्यात वाईट काही नाही, पण आपण आपलं रनिंग आणि सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळणार का ते बघून ठरवायचं, कंपनीच्या सरासरीची काळजी आपण का करायची. पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासूनचा आहे आणि छोट्या गाड्यांना सवलत द्यायची का यावरून २०२५ मध्ये कंपन्यांमध्येच जुंपली होती.

आता हवेचं. बीएस-६ चा एक फायदा ज्याच्याकडे नवी गाडी नाही त्यालाही मिळाला, तो म्हणजे इंधन. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएम, बीएस-४ मध्ये ५०, आता १०, आणि पंपावर मिळतं ते सगळ्यांना सारखंच, म्हणून जुन्या टेम्पोचाही धूर थोडा सुधारतो. मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम तेच झालं. पण म्हणून मुंबईची हवा स्वच्छ झाली का? डिसेंबर-जानेवारीत वांद्रे रेक्लेमेशनवरून सी लिंककडे बघा म्हणजे उत्तर मिळेल. गाड्यांची संख्या वाढतच गेली, बांधकामाची धूळ वेगळी, हिवाळ्यात वारा पडतो, आणि टायर-ब्रेकची धूळ तर कुठल्याच बीएसमध्ये मोजत नाहीत, ती ईव्हीच्या टायरचीही उडते. आणि पीयूसी पास आहे म्हणून गाडी स्वच्छ असंही समजू नका, तिथे पेट्रोलला उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलला धुराचा काळेपणा बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. तरी पीयूसी ठेवा, बीएस-४ आणि पुढच्यांना वर्षभर चालतं, जुन्यांना सहा महिने, नसेल तर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे.

राहता राहिली दिल्लीची गाडी. तिथे २०२५ पर्यंत बीएस-४ गाड्यांवरही डिझेलला १० वर्षं आणि पेट्रोलला १५ वर्षांच्या नियमाची टांगती तलवार होती, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या डिझेल एसयूव्ही मातीमोल भावात इकडे यायच्या. आपल्याकडे १० वर्षांचा नियम नाही, १५ वर्षांनी फिटनेस, रजिस्ट्रेशन रिन्यू आणि ग्रीन टॅक्स भरून गाडी चालवता येते, म्हणून मोह होतो. पण आयुष्यभर दिल्लीच्या आणि गुरगावच्या ट्रॅफिकमध्ये रांगलेली ती गाडी, वर तिला दिल्लीच्या आरटीओची एनओसी हवी, मग इथे नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, जो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त बसतो. हा सगळा आकडा गाडीच्या किमतीत मिळवा, एनओसी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून घ्या आणि मगच टोकन द्या.