अकाउंटंट व्हायचंय? आधी फरक शोधायला शिका

‘नोंदी आता सॉफ्टवेअर करतं, मग अकाउंटंट कशाला लागणार?’ या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना ही धास्ती असतेच. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क ही स्प्रेडशीट आली, तेव्हा हाताने बेरजा मारण्याचं काम हळूहळू गेलं. आता बिल वाचून नोंद टाकणंही यंत्राकडे चाललंय. पण आकडा का जुळत नाही, आणि जुळला तरी तो खरा आहे का, हे सांगायला जाणता माणूस लागतो. तयारी त्याच कामाची करा.

१. कागदावर हिशेब लिहा. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापून मांडलेली द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिणं) आजही प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. एखाद्या काल्पनिक व्यवसायाचे पन्नास व्यवहार घ्या आणि रोजकीर्द (तारखेनुसार नोंदी), खतावणी (खात्यानुसार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, जिच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात), नफा-तोटा पत्रक, ताळेबंद असा पूर्ण प्रवास हाताने करा. कंटाळा येईल, पण ही पायरी गाळू नका.

२. मुद्दाम चुका करून त्या शोधा. माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं. तेरजेत ९०० चा फरक आला, तर आधी ९ ने भागून पाहा. भाग पूर्ण गेला, तर ५,४०० च्या जागी ४,५०० असे अंक उलटे पडले असण्याची शक्यता असते. तिथे काही सापडलं नाही, तर फरकाची निम्मी रक्कम खतावणीत शोधा, कारण नावेची रक्कम जमेला गेली की फरक दुप्पट दिसतो. फरक उचंती खात्यात (न उलगडलेली रक्कम तात्पुरती ठेवण्याच्या खात्यात) टाकून पुढे जायची सवय लावून घेऊ नका.

तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्री खात्याला टाकला तरी दोन्ही बाजू जुळतात, पण खर्च मालमत्ता म्हणून लिहिला गेल्याने नफा फुगलेला दिसतो. ही चूक बेरजेत सापडत नाही. त्यासाठी बिल हातात घेऊन वाचावं लागतं.

३. एक्सेल पक्कं करा. पिव्होट टेबल (माहितीचा गटवार सारांश), लुकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणं) आणि बँक जुळवणी (आपल्या नोंदी बँकेच्या विवरणाशी ताडणं) एवढं सफाईने आलं, तरी सुरुवातीच्या नोकरीत निभाव लागतो.

४. समजावून सांगायला शिका. नफा झाला, मग खात्यात पैसे का नाहीत? मालकाच्या या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे. माल उधारीवर गेला की नफा आज दिसतो, रोकड मात्र येणी वसूल झाल्यावरच येते. हे दोन सोप्या वाक्यांत सांगणाऱ्या माणसाला निर्णयाच्या बैठकीत बोलावलं जातं.

५. मग शाखा निवडा. ऑडिट, कर, व्यवस्थापन लेखांकन किंवा आर्थिक गैरव्यवहारांचा तपास, वाटा बऱ्याच आहेत. देशाबाहेर काम करायचं असेल, तर आयएफआरएस ही हिशेब मांडण्याची आंतरराष्ट्रीय मानकं शिका. पर्यावरणविषयक जोखमींची माहिती जाहीर करण्याची मानकं २०२३ मध्ये आली आहेत. तिथे जाणकार अजून घडायचे आहेत, नवख्यांनी जरूर लक्ष द्यावं. एसीसीएसारख्या आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग पात्रतेसाठी परीक्षांसोबत तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभवही लागतो, म्हणून शिकतानाच काम धरा.

मुलाखतीत नुसती सॉफ्टवेअरची नावं सांगत बसू नका. स्वतः शोधलेला एखादा फरक क्रमाने सांगा: केवढा होता, आधी कुठे पाहिलं, अखेर कुठे सापडला आणि दुरुस्तीची नोंद कोणती टाकली.