सिनेमातलं रूपक कसं वाचायचं, 'मदर!' समोर ठेवून

रूपक असलेला सिनेमा बघितला की आपण लगेच जोड्या लावायला बसतो, हा म्हणजे देव, ती म्हणजे पृथ्वी, ते दोघं आदाम आणि हव्वा, आणि जोड्या जुळल्या की वाटतं समजला सिनेमा. मी पण बरीच वर्षं हेच करायचे. पण नुसत्या जोड्यांनी सिनेमाला काय म्हणायचंय ते कळत नाही, ते कळतं जिथे जोडी जुळता जुळता राहते तिथे.

उदाहरणाला डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीचा २०१७ चा 'मदर!' घेते. बघितला नसेल तर आधी बघा, कारण पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणारे.

पहिल्या वेळी काहीच शोधू नका, फक्त कुठे खटकलं ते लक्षात ठेवा. इथे कुणालाच नाव नाही. एक कवी आणि त्याची बायको (पुढे 'ती' म्हणजे हीच) यांच्या घरी अनोळखी माणूस येतो, रात्री त्याला उलट्या होतात तेव्हा बरगडीपाशी जखम दिसते आणि दुसऱ्या दिवशी या पाहुण्याची बायको दारात हजर. हात लावू नका म्हटलेला स्फटिक ते दोघं फोडतात, मग त्यांची मुलं येतात आणि एक भाऊ दुसऱ्याचा जीव घेतो. बायबलमधलं पहिलं पुस्तक 'उत्पत्ती' वाचलेल्याला हे पटकन ओळखू येतं, आदामच्या बरगडीतून झालेली हव्वा, खाऊ नका म्हटलेलं फळ, आणि त्यांच्या मुलांपैकी काइनने केलेला भावाचा, हाबेलचा खून.

दुसऱ्या वेळी मात्र मूळ कथा खरंच शेजारी उघडून ठेवा, आठवणीवर जाऊ नका, आणि फरक शोधा. सिंकचा सीन घ्या. घरात गर्दी झालीय, सिंक अजून पक्कं बसवलेलं नाही, ती सांगतेय त्यावर बसू नका, तरी लोक बसतात, वर उड्या मारतात, सिंक निखळतं, पाइप फुटतो, पाणीच पाणी आणि सगळे घराबाहेर. हा नोहाच्या वेळचा जलप्रलय, बरोबर. पण 'उत्पत्ती'मध्ये प्रलय देव पाठवतो, पापाची शिक्षा म्हणून, आणि इथे कुणीच काही पाठवलेलं नाही, सांगून न ऐकणाऱ्यांनी घर मोडलं म्हणून पाणी आलं. शिक्षेच्या जागी परिणाम आला की धर्माची गोष्ट पर्यावरणाची होते, आणि ती इथे एका सिंकवर होते!

कधी उलटं असतं, सिनेमा मूळ ओळ अक्षरशः घेतो. 'उत्पत्ती'च्या चौथ्या अध्यायात हाबेलचं रक्त जमिनीतून ओरडतं असं आहे, आपण वाचताना भावांकडे बघतो, जमिनीकडे कोण बघतं? सिनेमात रक्ताचा डाग जातच नाही, लाकडी जमीन तिथे सडते, रक्त तळघरात ठिबकतं आणि त्याच्या मागोमाग गेल्यावर तिला तेलाची टाकी सापडते. शेवटी घर पेटतं ते याच तेलाने.

मग एक प्रश्न विचारा, कॅमेरा कुणाबरोबर आहे? इथे तो जवळजवळ सगळा वेळ तिच्याजवळ आहे. कवी आलेल्या प्रत्येकाला घरात घेतो, गर्दीने त्यांचं बाळ मारल्यावरही माफ करूया म्हणतो, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ही केवढी मोठी करुणा. पण त्या माफीची किंमत प्रत्येक वेळी ती आणि घर मोजतं. म्हणून सिनेमा धर्माच्या विरोधात आहे असा शिक्का मारायची घाई करू नका, माझ्या मते तो एवढंच विचारतोय की क्षमा करताना जिचं नुकसान झालं तिला विचारलं का.

सगळं जुळलंच पाहिजे असं नाही हां. ती पाण्यात घालून पिते ती पिवळी पूड, तिच्यासाठी ओढूनताणून अर्थ काढू नका, वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. दिग्दर्शकाच्या मुलाखती सगळ्यात शेवटी वाचा, आधी वाचल्या तर स्वतःला काही दिसतच नाही.

आणि शेवटची नावं संपेपर्यंत उठू नका. पात्रांसाठी नावाऐवजी जे शब्द दिलेत ते सगळे इंग्रजीत स्मॉल अक्षरांत आहेत, 'मदर' सुद्धा, फक्त कवीच्या 'हिम'चं (Him) पहिलं अक्षर कॅपिटल आहे.