मोंराशे बर्फात बुडवू नका

फ्रान्सच्या बर्गंडीतली मोंराशे (Montrachet, मधला 'ट' गिळायचा!) ही शार्दोने द्राक्षांची पांढरी वाईन. याच नावाचा तिचा मळा जेमतेम 8 हेक्टरचा. घेताना लेबल नीट वाचा. हा मळा प्युलिनी आणि शासान्य या दोन गावांत पसरलाय आणि 1879 मध्ये दोघांनीही त्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. त्यामुळे 'प्युलिनी-मोंराशे' ही त्या गावची वाईन, या मळ्याची मोंराशे नव्हे. किमतीतही जमीन-अस्मानाचा फरक! खरी हाती लागलीच, तर बर्फात बुडवू नका, गारठ्यात तिचा सुगंध मिटून जातो. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा आणि 12 ते 14 अंशांवर, मोठ्या पोटाच्या ग्लासात ओता. मुंबईच्या मे महिन्यात मात्र दहा-पंधरा मिनिटं पुरे.