स्प्रेडशीटमध्ये लांब खाते क्रमांक भरताना या चुका टाळा

खाते क्रमांकांची बेरीज किंवा सरासरी कोणी काढत नाही. तरीही नेहमीच्या सेलमध्ये क्रमांक टाइप केला की एक्सेल त्याला गणितातील संख्या समजते आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात. सुरुवातीची शून्ये गळतात. अंक अकरापेक्षा जास्त असतील, तर ४.५६७८९ई+१५ असे काहीतरी दिसू लागते. ते पाहून लोक गोंधळतात. परंतु हा केवळ दाखवण्याचा प्रकार असतो. खरे नुकसान गुपचूप होते: एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते आणि त्यापुढील प्रत्येक अंकाच्या जागी शून्य ठेवते. त्यामुळे ४५६७८९०१२३४५६७८९ हा क्रमांक ४५६७८९०१२३४५६७८० होतो आणि कोणतीही सूचना येत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे क्रमांक भरून झाल्यावर स्तंभाला टेक्स्ट (म्हणजे मजकुराचा) फॉरमॅट देणे. गेलेले अंक त्याने परत येत नाहीत. म्हणून आधी स्तंभ निवडून टेक्स्ट फॉरमॅट द्यावा आणि मगच टाइप करावे. एखाददुसराच क्रमांक असेल, तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकले तरी पुरते. नंतर सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. त्यातील ‘संख्येत रूपांतर करा’ हा सल्ला मुळीच मानू नये.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदींची साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडल्यास हेच नुकसान संपूर्ण स्तंभाचे होते, आणि ती तशीच सेव्ह केली तर मूळ अंकही पुसले जातात. अशी फाइल डेटा टॅबमधून आयात करावी आणि त्या वेळीच खाते क्रमांकाच्या स्तंभाचा प्रकार टेक्स्ट ठरवावा.

क्रमांक टेक्स्ट म्हणून नीट भरल्यावरही काउंटइफ हे एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारे सूत्र फसवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अंकांसारखा दिसणारा मजकूर ते तुलनेसाठी पुन्हा संख्येत बदलते. त्यामुळे फक्त सोळाव्या अंकात फरक असलेली दोन खाती त्याला एकच वाटतात आणि योग्य नोंद दुबार म्हणून काढून टाकली जाण्याचा धोका निर्माण होतो. दुबार नोंदी शोधताना समप्रॉडक्ट या सूत्रामध्ये बरोबर चिन्हाने (=) थेट तुलना करावी.

तपासणीसाठी अनेक जण लेन सूत्राने अंक मोजतात. गळलेली शून्ये त्यातून कळतात. शून्याने बदललेला सोळावा अंक मात्र कळत नाही, कारण लांबी तेवढीच राहते. सोळा अंकी क्रमांकांच्या स्तंभात प्रत्येक क्रमांक शून्यावरच संपत असेल, तर ती फाइल बाजूला ठेवून मूळ नोंदींवरून स्तंभ नव्याने भरावा.